शिकायचे आहे, एवढी पात्रता पुरे

मुलाला बर्कलीत प्रवेश मिळाला, की कॅलिफोर्नियातल्या मराठी घरातून ती बातमी दुसऱ्या दिवशी ठाण्या-पुण्याच्या नातेवाइकांपर्यंत पोचते. मुलगा घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात जाणार असेल, तर मात्र आईवडील विषय बदलतात. ‘सध्या इथेच काहीतरी करतोय’ एवढ्यावर बोलणे आटोपते. गंमत अशी, की हाच मुलगा शाळेत असताना कूपरटिनोच्या डी अँझा कॉलेजात कॅल्क्युलसचा वर्ग करत होता, तेव्हा हेच आईवडील ते चारचौघांत कौतुकाने सांगत होते. कॉलेज तेच, प्राध्यापक तेच, पुस्तकही तेच. तेव्हा त्या वर्गामुळे मुलगा चार पावले पुढे दिसत होता. आता तो, जिथे कोणीही येऊ शकते अशा ठिकाणी सगळ्यांबरोबर बसणार आहे. म्हणजे आपल्याला खुपते ते शिक्षण नव्हे. शेजारी कोण बसणार, हे खुपते.

ही खोड आपण महाराष्ट्रातून बरोबर नेली आहे. प्रवेश जितक्यांना नाकारला जाईल तितके शिक्षण थोर, असे आपण मनाशी धरून बसलो आहोत. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांचे प्रवेशाचे नियम नीट पाहिले, तर या समजुतीचा पोकळपणा लक्षात येतो. म्हणून त्या नियमांत जरा शिरून पाहू.

या कॉलेजांची सुरुवात 1901 मध्ये इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी झाली. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि जोलिएटच्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांनी हायस्कूलच्याच आवारात कॉलेजची पहिली दोन वर्षे शिकवायचे ठरवले. पहिल्या तुकडीत सहा विद्यार्थी होते. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिक घरी परतले, सरकारने त्यांच्या शिक्षणाचा खर्च उचलला आणि 1947 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या आयोगाने गावोगावी अशी कॉलेजे काढण्याची शिफारस केली. 1960 मध्ये कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा बृहद् आराखडा आखला. शाळेतून बाहेर पडणाऱ्यांपैकी वरच्या एक-अष्टमांश मुलांसाठी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक-तृतीयांश मुलांसाठी राज्य विद्यापीठे आणि कम्युनिटी कॉलेजे सर्वांसाठी, अशी ती वाटणी होती. आज त्या एका राज्यात अशी 116 कॉलेजे आहेत.

आता अटी. राज्याच्या रहिवाशाने हायस्कूल पूर्ण केले असेल, तर कॉलेजने त्याला प्रवेश द्यायचाच. हायस्कूल पूर्ण केले नसेल, पण वयाची अठरा वर्षे उलटली असतील आणि शिकण्याचा त्याला उपयोग होईल असे दिसत असेल, तरी त्याला घेता येते. टक्केवारी, मेरिट लिस्ट, कट-ऑफ यांचा इथे संबंध नाही. बारावी कधी झाली, मधली वर्षे कुठे गेली, याचा जाबही कोणी मागत नाही.

पण दार सर्वांना उघडे असले, तरी सर्वांना एकच कागद मागितला जात नाही, आणि यातच या व्यवस्थेचे शहाणपण आहे. शाळेत शिकणारा मुलगा एखादा विषय घ्यायला येतो, तेव्हा त्याला मुख्याध्यापकांची शिफारस आणि पालकांची संमती लागते, कारण तो अजून अल्पवयीन आहे. दुसऱ्या कॉलेजातून येणाऱ्याला जुनी गुणपत्रके मागतात, ती झालेला विषय पुन्हा करावा लागू नये म्हणून. माजी सैनिकाला सेवेचे कागद द्यावे लागतात, कारण त्यावर त्याला मिळणारी मदत ठरते. इंग्रजी बोलता यावे, नागरिकत्वाची परीक्षा देता यावी, एवढ्यासाठी येणाऱ्याला विनाश्रेयांक वर्गात फी न भरता बसता येते. परदेशातून विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्याला मात्र इंग्रजीचा पुरावा, बँकेतल्या शिलकीचा दाखला आणि दर सत्रात बारा युनिट, म्हणजे श्रेयांक, घेण्याची हमी द्यावी लागते; त्याची फीही स्थानिकांच्या कित्येक पट असते.

फी ठरते रहिवासावरून. राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचे दाखवता आले, की युनिटला 46 डॉलर. दोन वर्षांच्या पदवीला लागणाऱ्या साठ युनिटांचे होतात 2,760 डॉलर. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची एकाच वर्षाची फी 14 हजार डॉलरांच्या वर जाते. कागदपत्रांविना देशात वाढलेल्या मुलांचे काय, हा प्रश्नही राज्याने टाळला नाही. 2001 च्या कायद्याने ठरवले, की कॅलिफोर्नियाच्या हायस्कूलमध्ये तीन वर्षे शिकून ते पूर्ण केलेल्यांना परराज्यातल्या विद्यार्थ्यांची जबर फी लावायची नाही.

प्रवेशाच्या ऑनलाइन अर्जात एक रकाना आहे: आईवडिलांचे शिक्षण किती? आपल्याकडच्या माणसाला हा प्रश्न वाचताच संशय येईल. मुलाखतीला आलेल्या पालकांची ‘पार्श्वभूमी’ पाहून बालवर्गाचा प्रवेश ठरवणाऱ्या शाळा आपण पाहिल्या आहेत. कॅलिफोर्नियात मात्र या उत्तराने प्रवेश अडत नाही. घरातून कॉलेजात जाणारा हा पहिलाच आहे का, हे त्यातून कळते, आणि पहिला असेल तर त्याला समुपदेशक, पुस्तकांसाठी मदत, जादा मार्गदर्शन कुठे द्यायचे ते ठरवता येते. माहिती तीच, एकीकडे ती माणसाला बाहेर ठेवायला वापरतात, दुसरीकडे हात द्यायला. अटीचा कस इथे लागतो. कोणतीही अट घ्या आणि विचारा: ही शिकणाऱ्याच्या कामाची आहे, की दारावर बसलेल्याच्या सोयीची?

या कसोटीला काही कडक अटीही उतरतात. त्याच कॉलेजात नर्सिंगला जायचे, तर शरीररचना, शरीरक्रिया आणि सूक्ष्मजीवशास्त्र हे विषय आधी चांगल्या गुणांनी करावे लागतात, आणि अर्ज जागांपेक्षा जास्त असतात. रुग्णालयात एका शिक्षिकेच्या हाताखाली किती विद्यार्थिनी रुग्णाजवळ उभ्या राहू शकतात, याला मर्यादा आहे. शिवाय उद्या या मुलीच्या हातात कोणाची तरी शीर असणार आहे. ती अट कामातून आली आहे, आणि तिच्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही.

‘पण मग गुणवत्तेचे काय?’ हा प्रश्न आपल्याकडे ठरलेला असतो. गुणवत्ता आत येताना मोजायची की बाहेर पडताना, हे आधी ठरवू या. कम्युनिटी कॉलेजात कॅल्क्युलस शिकायला कोणीही बसू शकतो. पास व्हायला कॅल्क्युलस यावेच लागते. ठरलेले विषय ठरलेल्या गुणांनी केले, तर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस, अर्व्हाइन, सँटा बार्बरा यांसह सहा शाखांत तिसऱ्या वर्षाला प्रवेशाची लेखी हमी मिळते. मग पदवी त्या विद्यापीठाची मिळते, आणि तिच्यावर ‘हा मागच्या दाराने आला’ असे कुठे लिहिलेले नसते. अठराव्या वर्षी कोणाचे गुण किती, यावर त्याचे घर, शिकवणी आणि शाळा यांची छाप असते. दोन वर्षांनी त्याने केलेल्या अभ्यासावर त्याची स्वतःची छाप जास्त असते. यातले कोणते माप खरे?

या व्यवस्थेचा गोडवा गाताना तिचे दोषही सांगितलेच पाहिजेत, नाहीतर ते प्रबोधन राहत नाही, जाहिरात होते. दार उघडे ठेवून आत भिंत बांधण्याचे काम या कॉलेजांनीही वर्षानुवर्षे केले. प्रवेश दिल्यावर गणित आणि इंग्रजीची चाचणी घ्यायची, आणि तिच्यात कमी पडलेल्याला शाळेच्या पातळीच्या वर्गात बसवायचे, अशी पद्धत होती. त्या वर्गांची फी भरा, वेळ द्या, पण पदवीसाठी त्यांचे युनिट धरले जात नसत. एकामागून एक असे वर्ग करताना बहुतेकांचा धीर सुटायचा. कॅलिफोर्नियाने 2017 मध्ये कायदा करून ही पद्धत मोडायला घेतली: चाचणीऐवजी हायस्कूलचे गुण पाहा, विद्यार्थ्याला थेट पदवीच्या वर्गात बसवा आणि अडेल तिथे जोडीने जादा मदत द्या. त्यानंतर ते पदवीचे वर्ग पार करणाऱ्यांची संख्या बरीच वाढली. तरीही राज्याच्या लेखापरीक्षकांच्या 2024 च्या अहवालानुसार, विद्यापीठात जाण्याच्या इराद्याने आलेल्यांपैकी चार वर्षांत तिथवर पोचतात ते साधारण पाचांतला एक. नोकरी, घरभाडे, लेकरे, गाडीचा बिघाड, यांतून बाकीचे निसटतात. प्रवेश ही सोपी बाजू आहे. टिकवणे ही अवघड. मात्र जे टिकले नाहीत त्यांच्याकडे बोट दाखवून दारच बंद करा म्हणणे, हा उलटा न्याय झाला.

आता आपल्याकडे वळू. उशिरा शिकणाऱ्याला वर्गात घेण्याचा विचार आपल्याला परका नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855 मध्ये शेतकरी आणि मजूर स्त्री-पुरुषांसाठी पुण्यात रात्रशाळा काढली. जोलिएटच्या किती तरी आधी. दिवसभर राबणाऱ्या माणसाने शाळेच्या वेळेला यावे असा हट्ट न धरता शाळेनेच त्याच्या वेळेला उघडावे, हे त्यांनी ओळखले होते. 1989 मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले, आणि शाळा अर्ध्यावर सुटलेल्यांसाठी त्याने पूर्वतयारी शिक्षणक्रमाची वाट काढली. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाने कम्युनिटी कॉलेजांची योजनाही आणली. कागदावर आपल्याकडे दारे आहेत. मन मात्र बदललेले नाही.

ते कसे, हे पाहायचे तर प्रवेशाच्या दिवसांत कोणत्याही सेतू केंद्राबाहेर उभे राहा. बारावीनंतर दोन वर्षे वडिलांच्या आजारपणामुळे घरी राहिलेली मुलगी तिथे ‘गॅप सर्टिफिकेट’साठी रांगेत असते. या काळात मी कुठेही प्रवेश घेतला नव्हता, कोणत्याही गैरकृत्यात सामील नव्हते, असे तिने शपथेवर लिहून द्यायचे. का? तिने घर सांभाळले, हा गुन्हा होता का? दुसऱ्या ठिकाणी प्रवेश घेतला होता का, हे महाविद्यालयाला आज संगणकावर पाहता येऊ शकते. तरी आपण त्या मुलीलाच आरोपीसारखे उभे करतो. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावी करणाऱ्यांचीही तीच कथा. परीक्षा तीच, प्रश्नपत्रिका तीच, मंडळही तेच. पण ‘बाहेरून केली’ म्हणताना ओठ मुरडतात. मुक्त विद्यापीठाची पदवी लग्नाच्या बायोडेटात लिहायची की नुसते ‘बी.ए.’ लिहून मोकळे व्हायचे, यावर घरात खल होतो.

हा सगळा तोरा जातीच्या उतरंडीतून आला आहे, हे स्पष्ट बोललेले बरे. शतकानुशतके ज्ञान हे ज्याच्या-त्याच्यासाठी नव्हते. ते मोजक्यांकडे होते म्हणून मोलाचे मानले गेले. कायद्याने ती बंदी उठली, पण मोल ठरवण्याची रीत तशीच राहिली: ज्या वर्गात कोणीही बसू शकतो, तो वर्ग हलका. परदेशात गेल्यावरही ती सुटली नाही. ती फक्त विद्यापीठांच्या क्रमवारीच्या भाषेत बोलू लागली.

या तोऱ्याची किंमत बायकांनी सर्वांत जास्त मोजली आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे एच-4 व्हिसावर अमेरिकेत गेलेल्या कितीतरी मराठी मुली इथून इंजिनिअर, वकील, शिक्षिका होऊन गेल्या. त्यांच्यातल्या अनेकींना वर्षानुवर्षे नोकरीची परवानगी नसते. पण शिकायला त्यांना व्हिसा बदलावा लागत नाही. कॅलिफोर्नियात वर्षभर राहिल्यावर, राज्यातच वास्तव्य असल्याचे दाखवले, तर त्यांना कम्युनिटी कॉलेजात स्थानिक फी लागू शकते. संध्याकाळचा एक वर्ग घेऊन बालशिक्षणाचे, हिशेबाचे किंवा संगणकाचे प्रमाणपत्र मिळवता येते. तरीही ‘मास्टर्स झाल्यावर आता कम्युनिटी कॉलेज?’ असा टोमणा आधी घरातूनच येतो, आणि तिची आणखी दोन वर्षे स्वयंपाकघरात जातात.

तेव्हा काही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. अमेरिकेत असाल, तर मुलाच्या कॉलेजचे नाव पडेल आवाजात सांगू नका; तो काय शिकतो आहे ते सांगा. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात पहिल्या पाच विद्यापीठांत गेलेल्यांचा सत्कार होतो, तसा चाळिसाव्या वर्षी पहिला वर्ग पार केलेल्या वहिनींचाही करा. महाराष्ट्रात प्राचार्य, संस्थाचालक किंवा प्रवेश समितीवर असाल, तर या वर्षीच्या माहितीपत्रकातली एकेक अट वाचा आणि ती कोणासाठी आहे हे स्वतःला विचारा. उत्तर ‘नेहमी असतेच’ एवढेच निघाले, तर ती काढून टाका. सुरुवात गॅप सर्टिफिकेटपासून करा. आणि घरातली सून, मावशी किंवा धाकटा दीर ‘आता पुन्हा शिकावे म्हणतो’ असे बोलला, तर ‘या वयात?’ हा प्रश्न तोंडातून बाहेर पडू देऊ नका. ‘कुठल्या विषयापासून सुरू करायचे?’ असे विचारा, आणि फॉर्म भरायला त्याच्याबरोबर जा.