मनाचा कौल

दिवाळीच्या सुमारास साकोलीच्या आसपास हलके धान कापणीला आलेले असते. पावसाने ओढ दिली की या धानाला पाणी पुरवितात ते इथले जुने तलाव. १९५१ मध्ये मालगुजारी संपली. तेव्हापासून हे 'माजी मालगुजारी' म्हणजे 'मामा' तलाव झाले. त्यांतले पुष्कळसे कोहळी समाजाने बांधलेले. नवेगावबांधचा प्रचंड तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे सांगतात.

आजची मोजणीची यंत्रे त्या काळी नव्हती. बांध कोठे घालावा, सांडवा कोठून काढावा, हे जाणता माणूस जमिनीचा उतार पाहून सांगे. 'कशावरून?' असे विचारले असते, तर त्यालाही कदाचित नीट सांगता आले नसते.

या नजरेत दैवी असे काही नसावे. अर्थशास्त्राचे नोबेल मिळविणारे हर्बर्ट सायमन अंतःप्रेरणेला ओळख पटणे म्हणत: पूर्वी अनेकदा पाहिलेले मन चटकन ओळखते, इतकेच. २००९ मध्ये डॅनियल काहनेमन आणि गॅरी क्लाइन यांनी एकत्र लिहिताना अशा प्रेरणेवर विसंबण्यास दोन अटी घातल्या. कामात काही नियमितपणा हवा आणि आपले चुकले की बरोबर, हे पुनःपुन्हा कळायला हवे.

तलाव बांधणाऱ्याला दोन्ही लाभत. पाणी उताराकडेच धावते. आणि बांध चुकला, तर पावसाळा साऱ्या गावादेखत तसे सांगून जातो.

कचेरीतल्या खुर्चीचे तसे नाही. मुलाखतीला आलेल्या तरुणाकडे पाहताच साहेबांचे मन म्हणते, 'हा नको.' तरुण निघून जातो. तो कामात कसा निघाला असता, हे साहेबांना कधीच कळत नाही. अशी वीस वर्षे गेली, की साहेब म्हणतात, 'मला माणसे ओळखता येतात.' वास्तविक त्यांच्या नजरेची परीक्षा एकदाही झालेली नसते. त्या 'नको'मागे जात असेल, बोलीतला गावरान हेल असेल, किंवा नुसता विटका सदरा असेल.

म्हणून मनाचा कौल घ्यावाच. परंतु त्याने फार तर 'पुन्हा नीट पाहा' एवढेच सांगावे. ज्या निर्णयाने दुसऱ्याची भाकरी जाते, त्याचे कारण त्या माणसाला समोर बसवून सांगता आले पाहिजे. ते सांगता येत नसेल, तर तूर्त त्याला दार मोकळे ठेवावे.