दास्यगीतांचे ऋण

अमेरिकेतील यादवी युद्ध संपून वर्षही लोटले नव्हते, अशा १८६६ च्या जानेवारीत टेनेसीमधील नॅशव्हिल शहरी, सैन्याने सोडून दिलेल्या इस्पितळाच्या बराकींत, ज्यांना अक्षर शिकविणे दक्षिणेतील अनेक राज्यांत कालपरवापर्यंत कायद्याने गुन्हा होता अशा मुक्त गुलामांसाठी फिस्क नावाची शाळा उघडली. आणि त्या शाळेच्या परंपरेत अशी हकीकत सांगतात की, पुस्तकांसाठी पैका नव्हता तेव्हा जुन्या गुलामबाजारातील गंजलेल्या बेड्या भंगारात विकून अंकलिप्या आणण्यात आल्या. परंतु बेड्यांच्या मोलावर विद्यालय फार दिवस चालत नाही. पाच वर्षांत शाळेवर कर्जाचा डोंगर झाला, इमारती गळू लागल्या, आणि शेवटी शाळेचा खजिनदार जॉर्ज व्हाइट, जो मुलांना गाणेही शिकवीत असे, त्याने ६ ऑक्टोबर १८७१ रोजी नऊ तरुण गायक-गायिका बरोबर घेऊन, गात गात वर्गणी गोळा करण्यासाठी उत्तरेचा रस्ता धरला.

गुलामगिरीच्या वारशाची ओळख वृंदगायनाच्या द्वारे करून देण्याचे जे उपक्रम आज इंग्लंड-अमेरिकेत शाळांतून, चर्चमधून आणि नगरसभागृहांतून चालतात, त्यांचे मूळपुरुष हेच. आणि म्हणूनच त्यांच्या दौऱ्यातील एक गोष्ट मला विशेष विचारार्ह वाटते. ही मुले आरंभी आपल्या मळ्यांवरची भक्तिगीते गातच नसत. गोऱ्या श्रोत्यांच्या परिचयाची, युरोपीय धाटणीची पदे ती म्हणत, कारण आपण शिकलो आहोत, सुसंस्कृत आहोत, हे त्यांना सिद्ध करावयाचे होते. आईबापांनी रात्रीच्या अंधारात, मुकादमाच्या कानांपासून लपवून म्हटलेली गाणी त्यांच्या लेखी दास्याच्या काळोखाशी निगडित होती, आणि वडीलधाऱ्यांची पवित्र ठेव असल्यामुळे ती परक्यांपुढे मांडण्याची त्यांना लाज नव्हे, संकोच वाटे. पियानोवर साथ करणाऱ्या एला शेपर्डने पुढे हे लिहून ठेवले आहे. या एलाला तिच्या बापाने ३५० डॉलर मोजून दास्यातून सोडविले होते. आईला मात्र धन्याने सोडले नाही. अशा मुलीने आपल्या घरातील ठेव उघडून दाखवावी आणि समोरच्याने तिकिटाचे पैसे द्यावेत, या व्यवहारात जे अवघडलेपण आहे ते आजच्या आयोजकांच्या ध्यानी क्वचितच येते.

पण परिचित पदांना श्रोते भुलले नाहीत. नोव्हेंबरमध्ये ओबर्लिन येथे धर्मोपदेशकांच्या परिषदेत हीच भक्तिगीते, ऐकणाऱ्याला कान पुढे करावे लागतील इतक्या मंद स्वरात सुरू झाली, आणि दौऱ्याचे भाग्य पालटले. ज्यांच्या स्वरांनी सभा हेलावत त्यांना रात्रीच्या मुक्कामाला हॉटेलवाले खोली नाकारीत, हेही त्याच दौऱ्याचे सत्य आहे. आपल्या पदरी दमडी नसताना आरंभीच्या एका जलशाचे तुटपुंजे उत्पन्न त्यांनी शिकागोच्या अग्निप्रलयातील निराश्रितांना देऊन टाकले. १८७३ मध्ये इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीपुढे गायन केले. आणि सुमारे सात वर्षांच्या वणवणीत दीड लाख डॉलर जमवून, प्रकृती खालावलेल्या अवस्थेत हा मेळा १८७८ साली मोडला. त्या पैशातून उभा राहिलेला ‘ज्युबिली हॉल’ आजही नॅशव्हिलला आहे.

या गाण्यांविषयी दोन गैरसमज फार जुने आहेत. गुलाम गातात त्या अर्थी ते सुखी असले पाहिजेत, हा पहिला. स्वतः दास्यातून निसटून आलेल्या फ्रेडरिक डग्लसने १८४५ च्या आत्मचरित्रात तो खोडून काढला, आणि गुलाम अतीव दुःखात असतो तेव्हाच अधिक गातो, असे सांगितले. दुसरा गैरसमज असा की, ही गाणी म्हणजे चार वेगवेगळ्या आवाजांत नीटनेटकी बसविलेली वृंदरचनाच होय. वस्तुतः १८६७ साली या गीतांचा जो पहिला मोठा संग्रह निघाला, त्याच्या संपादकांनीच कबुली दिली आहे की, एक जण पद उचलतो, बाकीचे आपल्याकडील झीलकऱ्यांप्रमाणे झील धरतात, पण कोणत्याही दोघांचा सूर तंतोतंत एक नसतो, आणि हे सारे स्वरलेखनाच्या चौकटीत सापडत नाही. पुढे १९३४ मध्ये झोरा नील हर्स्टन या कृष्णवर्णीय लेखिकेने तर रंगमंचावरील या गाण्यांना अस्सल मानण्यासच नकार दिला. तिचा आक्षेप शास्त्रदृष्ट्या बिनतोड आहे. तरीही मी फिस्कच्या मुलांच्या बाजूने उभा राहीन, कारण गाण्याचा आकार त्यांनी बदलला असला तरी गाणे कोणापुढे, कशासाठी आणि कोणाच्या लाभासाठी म्हणावयाचे याचा अखत्यार बव्हंशी त्यांच्या समाजासाठी चालणाऱ्या संस्थेकडे राहिला. अस्सलपणाचा तंटा विद्वानांनी खुशाल चालवावा. अखत्यार कोणाचा, हा सवाल मला अधिक निकडीचा वाटतो.

तो निकडीचा का, हे इंग्लंडात पाहावे. गुलामांच्या जहाजाचा कप्तान राहिलेल्या जॉन न्यूटनने लिहिलेले ‘अमेझिंग ग्रेस’ हे स्तोत्र अशा कार्यक्रमांत हटकून असते, आणि त्याबरोबर पश्चात्तापाची गोष्टही सांगितली जाते. गोष्टीतला अडचणीचा भाग मात्र गाळला जातो: १७४८ साली वादळात देव आठवल्यावरही न्यूटन कित्येक वर्षे माणसांची ने-आण करीत राहिला, आणि त्या व्यापाराविरुद्ध त्याने लेखणी उचलली ती १७८८ साली. ब्रिस्टल शहरात गुलामांच्या व्यापारात गुंतलेल्या एडवर्ड कोल्स्टनच्या नावाचे संगीतगृह दीडशे वर्षे मिरवले. ते नाव बदलले २०२० मध्ये. तेव्हा श्रोत्यांचे डोळे पाणावणे ही सर्वात स्वस्त गोष्ट आहे. गाणे ऐकून हृदय विरघळलेला मनुष्य दुसऱ्या दिवशी जमाखर्चाची तीच वही उघडून बसतो.

अमेरिकेतील या मुक्तिलढ्याशी आपल्याकडचे नाते फार जुने आहे. फिस्कचा मेळा इंग्लंडात गात होता त्याच १८७३ साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली, आणि कृष्णवर्णीयांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांस ती अर्पण करून, माझ्या देशबांधवांनी हा कित्ता गिरवावा, अशी अपेक्षा व्यक्त केली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सत्यशोधक समाज निघाला, आणि त्याच्या पुढच्या पिढीने गण-गवळणीचा तमाशाचा साचा उचलून जलसे उभारले. मग आंबेडकरी जलशांनी तो आशय गावकुसाबाहेरच्या वस्त्यांपर्यंत नेला. या जलशांत गाणारा आणि ऐकणारा एकाच दास्याचे वाटेकरी होते, त्यामुळे त्यांना करुणेची भीक मागण्याचे कारण पडले नाही. समाजसंपर्काचे याहून उजळ उदाहरण मला ठाऊक नाही, आणि ते परदेशच्या आयोजकांनी अभ्यासावे असे आहे.

मात्र दास्य हे दुसऱ्याच कोणाचे पातक, अशा समजात आपणही राहू नये. पेशवे दफ्तरात कुणबिणींच्या, म्हणजे दासींच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी सरकारी हिशेबाच्या भाषेत, बिनदिक्कत, नोंदल्या गेल्या आहेत. आणि गुलामगिरीची मान्यता काढून घेतली ती १८४३ च्या इंग्रजी कायद्याने. नाशिकजवळील शरणपुरात मिशनऱ्यांनी, अरबी समुद्रात पकडलेल्या गुलामांच्या गलबतांवरून सोडविलेली आफ्रिकन मुले आणून वाढविली, त्यांना हस्तव्यवसाय शिकविले. त्यांतलाच जेकब वेनराइट १८७३ मध्ये आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी-संशोधक लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूनंतर त्याच्या कलेवराबरोबर आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत चालत गेला आणि पुढे लंडनला पोहोचला. नाशिकच्या रस्त्यावर शरणपूर हे नाव वाहनांच्या गर्दीत रोज उच्चारले जाते. तेथील एखाद्या गायनवृंदाने परकीय भक्तिगीतांची नक्कल करण्याआधी शरणपूरच्या मुलांवर आणि दफ्तरातील कुणबिणींवर स्वतःची पदे बांधावीत, झील धरण्यास श्रोत्यांनाच उठवावे, आणि जमेल तो पैसा आजच्या कर्जबाजारी वेठबिगारांच्या सुटकेकडे वळवावा, अशी माझी विनंती आहे.