बारीक दंड, मोठा पट्टा

सुटलेल्या पोटाच्या, पन्नाशीतल्या व्यापाऱ्याला बीपी निघाला तर खानदेशात कुणाला नवल वाटत नाही. शेवभाजीवरचा तेलाचा तवंग पाहिला की कारणही सापडतं. पण साक्री किंवा यावल तालुक्यातल्या आठवीच्या किडकिडीत पोराला? ‘पोराला कसला आलाय बीपी!’ विषय तिथंच मिटतो.

तो मिटू नये, असं आकडे सांगतात. 2016 ते 2018 या काळात झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात 10 ते 19 वयाच्या सुमारे 5 टक्के मुलामुलींचा रक्तदाब वाढलेला आढळला. साठ पोरांच्या वर्गात सरासरीने तिघं. त्यांचं डोकं दुखेलच, चक्कर येईलच असं नाही. बहुतेकांना काहीच होत नाही, म्हणून कुणी मोजतही नाही.

आणि मोजलं तरी घोळ होतो तो दंडावर बांधायच्या पट्ट्याचा. पट्ट्यातल्या फुगणाऱ्या पिशवीने दंडाचा 80 ते 100 टक्के घेर व्यापायला हवा. मोठ्या माणसाचा पट्टा पोराच्या काटकुळ्या दंडावर दोनदा गुंडाळला, की आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. कागदावर ‘नॉर्मल’ पडतं आणि पोरगं रांगेतून पुढे सरकतं. पोर जितकं बारीक, तितकी ही चूक मोठी.

बारीक म्हणजे निर्धोक, हा समज पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने कधीच मोडीत काढला आहे. 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांनी गरोदर बायांचा आणि पुढे त्यांच्या लेकरांचा माग ठेवला. बाळं जेमतेम पावणेतीन किलोची, दिसायला रोडकी, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त. शिवाय कमी वजनाच्या बाळाच्या मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या चाळण्याच कमी असतात आणि पुढे त्या वाढत नाहीत. आईच्या पोटात झालेली उपासमार अशी लेकराच्या रक्तदाबात उतरते. त्यात मिठाची भर: ठेचा, लोणचं, बिबड्या आणि आता शाळेच्या फाटकाशी मिळणारी खारट खाऊची पाच रुपयांची पाकिटं. ‘घाम गळतो, मीठ लागतंच’ हे भुसावळच्या मे महिन्यात खरं वाटतं. पण पाकिटं पावसाळ्यातही खपतात.

एक कारण मात्र ताटाबाहेरचं आहे: खरूज. वसतिगृहात ती एकाची दहांना होते. खाजवून चिघळलेल्या जखमेत विशिष्ट जंतू शिरले, तर काही आठवड्यांनी मूत्रपिंडाला सूज येते, लघवी चहासारखी होते, तोंड सुजतं, बीपी चढतो. अशा पोराला तातडीने धुळ्याच्या किंवा जळगावच्या शासकीय रुग्णालयात न्यायलाच हवं. अशा वेळी वाट पाहणं परवडत नाही.

बाकीच्यांच्या बाबतीत घाईने शिक्का मारणंही चूकच. तेराव्या वर्षापासून 130/80 ही सीमा 2017 च्या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या नियमावलीने घातली. त्याहून लहान पोरांसाठी वय, उंची आणि लिंग पाहून तक्ता लावावा लागतो. शिवाय वेगवेगळ्या तीन भेटींत आकडा चढा निघाला तरच निदान पक्कं. 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. उरलेल्या दोन भेटींचं काय? दिवाळीच्या सुमाराला साक्री-शिरपूरकडची कुटुंबं कोयते घेऊन गुजरातच्या उसाच्या फडाकडे निघतात, चाळीसगावच्या तांड्यांवरूनही टोळ्या जातात. पोरं सोबत असतात. पहिला आकडा शाळेच्या नोंदवहीत राहतो. तो लिहिलेली एक चिठ्ठी आईच्या हाती दिली, तर फडाजवळच्या आरोग्य केंद्रात दुसरा घेता येईल.