नियम मुलांना, मुभा आपणांस?



नाशिक क्षेत्री येणारे बहुसंख्य यात्रेकरू द्वारका चौकातून जातात. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांस मिळतात, त्यामुळे वाहनांची वर्दळ अहोरात्र असते. या चौकात घटकाभर उभे राहिले, तरी एक दृश्य हमखास दृष्टीस पडते. दुचाकीवर पुढे वडील, मागे गणवेशातील मूल, दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट नाही, आणि सिग्नल लाल असतानाही गाडी पुढे दामटली जाते. हेच मूल सायंकाळी घरी ‘शिस्तीने वाग’ हा उपदेश ऐकणार असते. मुलांना घालून दिलेले नियम आईवडिलांनी स्वतःही पाळावेत काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ ग्रंथातला नाही, तो रस्त्यावरचा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास, आपणांस ते ठाऊक नव्हते किंवा आपण ते टाळण्याचा पुरेसा प्रयत्न केला होता असे सिद्ध न करू शकणाऱ्या पालकास ३ वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. मुलाच्या वर्तनाचे सूत्र पालकाच्या हाती असते, हे कायद्यानेही मान्य केले आहे.

तथापि सरसकट ‘होय’ म्हणणेही योग्य नव्हे. नियम दोन प्रकारचे असतात. काही वयाचे असतात. मुलाने रात्री लवकर निजावे, एकट्याने नदीच्या पाण्यात उतरू नये, वाहन चालवू नये, हे त्याच्या वयासाठी आहेत. ते मोठ्यांना लागू नाहीत, यात अन्याय नाही. मात्र त्यामागचे कारण मुलाला समजावून सांगणे आवश्यक आहे. दुसरे नियम माणूसपणाचे असतात. खरे बोलावे, अपशब्द उच्चारू नयेत, दुसऱ्याचा हक्क हिरावू नये, अन्नाचा अवमान करू नये. यांना वयाची अट नाही. येथे मोठ्यांनी सवलत घेतली, की मूल नियम शिकत नाही. मोठे झाल्यावर नियम मोडता येतात, एवढेच ते शिकते.

मग ज्याच्या अंगी एखादा दोष आहे, त्या पालकाने मौन धरावे काय? तंबाखूच्या आहारी गेलेल्या पित्याने मुलाला त्यापासून परावृत्त करूच नये काय? तैत्तिरीय उपनिषदातील शिक्षावल्लीत याचे मार्मिक उत्तर आहे. विद्या पूर्ण करून निघालेल्या शिष्यास आचार्य सांगतात, की आमच्या आचरणातले जे चांगले असेल तेवढेच घे, इतर घेऊ नकोस. प्रत्यक्ष गुरू आपल्या ठायी उणीव असू शकते हे मान्य करतो, तेथे आपणांस संकोच का वाटावा? ‘बाळा, हे माझे चुकते आहे, मी सोडण्याचा प्रयत्न करीत आहे’ असे म्हणणारा पिता दांभिक ठरत नाही. दांभिक ठरतो तो दोष झाकून दरडावणारा.

कठोपनिषदातील नचिकेत्याची कथा सर्वश्रुत आहे. सर्वस्व दान करण्याचा यज्ञ मांडून पिता म्हाताऱ्या, दूध आटलेल्या गाई देऊ लागला, तेव्हा बालकाने विचारले, मला कोणाला देणार? पिता संतापला आणि त्याने मृत्यूचे नाव घेतले. आपणही मुलाच्या अशाच प्रश्नाने संतापतो. परंतु पुढे यमाकडून नचिकेत्याने पहिला वर मागितला, तो पित्याचा राग शांत व्हावा हाच. चूक दाखविणारे मूल आपले वैरी नसते, हे यावरून ध्यानी यावे.

उपदेशाविना शिकवण कशी होते, हे पाहावयाचे असेल तर साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ उघडावे. गुरुजींनी हे पुस्तक १९३३ च्या फेब्रुवारीत आपल्या याच नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहून काढले. त्यातील अळणी भाजीची कथा पाहा. आई भाजीत मीठ घालावयास विसरते. वडील काही न बोलता जेवतात. त्यांच्याकडे पाहून मुलेही मुकाट्याने जेवतात. आई स्वतः जेवावयास बसते, तेव्हा तिला चूक उमगते. ‘अन्नाला नावे ठेवू नयेत’ असा पाठ कोणी दिला नाही, तरी तो मिळाला.

आता एक कबुली. काही वर्षांपूर्वी उत्सवाच्या दिवशी दर्शनाची लांबलचक रांग होती. एक परिचित गृहस्थ आठ-नऊ वर्षांच्या मुलासह कार्यालयात आले. भिडेखातर मी त्यांना बाजूच्या दाराने आत सोडले. तो मुलगा दाराशी थबकला आणि वडिलांना म्हणाला, “बाबा, रांग मोडायची नाही, असं तुम्हीच सांगता ना?” वडील हसले. मला मात्र हसू आले नाही. त्याच दारावर ‘कृपया रांगेची शिस्त पाळावी’ असा फलक होता, आणि त्याखाली ‘आज्ञेवरून, सचिव’ असे लिहिलेले होते. नियम लिहिणारा मी आणि मोडणाराही मीच. त्या दिवसापासून मी स्वतः सहकुटुंब दर्शनास जातो, तेव्हा रांगेतच उभा राहतो. वेळ लागतो, पाय दुखतात, पण फलकाकडे मान वर करून पाहता येते.

सुज्ञ भाविकहो, यात्रेत मुले सोबत असतील, तर ती देवाइतकीच आपल्याकडेही पाहात असतात, एवढे स्मरणात असू द्यावे, ही नम्र विनंती.

– सचिव, विश्वस्त मंडळ कार्यालय