बियाण्यावर सरकारचा अंकुश असावा काय?

परभणी जिल्ह्याच्या काळ्या रानांत कापूस पेरणारे कित्येक लोक म्हणतात की, शास्त्रज्ञांनी शोधिलेल्या बियाण्यांत राज्यकर्त्यांनी हात घालू नये. शेत ज्याचे, नफानुकसान त्याचे. आम्हांस हे अर्धेच खरे वाटते.

बोंडअळीस मारणारे द्रव्य ज्याच्या अंगीच असते, त्या बीटी कापसास सरकारने 2002 साली परवानगी दिली ती अटीवर: भोवती साध्या कापसाच्या ओळी लावाव्या, म्हणजे अळीस ते विष लवकर पचू लागणार नाही. पुष्कळांनी ओळी लाविल्या नाहीत. (अटीचे कारण त्यांस गावी येऊन किती जणांनी सांगितले असेल?) इतरही कारणे होती, परंतु गुलाबी अळीस विष पचू लागले, आणि 2017 साली तिने महाराष्ट्रातील कापूस पोखरिला. अशा वेळी अट पाळणाऱ्याचेही रान वाचत नाही, कारण पतंगास बांध अडवीत नाही. म्हणून अंकुश हवाच.

तथापि अंकुश म्हणजे मौन नव्हे. तणनाशक सोसणाऱ्या कापसास मंजुरी नसता 2019 साली अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेच्या लोकांनी तो उघडपणे पेरिला. तेव्हाच्या कायद्याने त्यास पाच वर्षांपर्यंत कैद होती. ज्यास खुरपणीची मजुरी परवडत नाही, तो चोरटे बियाणे घेतो. त्याची पावती नाही, फसल्यास दाद नाही. इकडे त्याच खुरपणीवर मजूर बायांची चूल पेटते. ह्या दोघांचा निवाडा प्रयोगशाळेत व्हावयाचा नाही. तो राज्यकर्त्यांनी करावा, आणि होय असो की नाही, कारणांसह, पेरणीपूर्वी गावोगाव कळवावा.