अंगणातील नकोसे झाड

अंगणातील झाड नकोसे होण्यास कारणे पुष्कळ असतात. मुळे भिंतीला तडे देतात, पानांनी पन्हळी तुंबतात, गाडी उभी करण्यास जागा उरत नाही. झाड तोडणे हे मुळातच पाप आहे, असे इस्लाम सांगत नाही. वाटेवर लोकांना त्रास देणारे झाड तोडल्याबद्दल एका माणसाला स्वर्ग लाभला, अशी हदीस ‘सहीह मुस्लिम’मध्ये आहे. आपल्यासमोरचा प्रश्न तोडण्याच्या रीतीचा आहे.

महाराष्ट्रातील शहरांत १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार झाड तोडण्यास परवानगी लागते. अर्ज करावा लागतो, पाहणी होते, कधी नकारही मिळतो. म्हणून काही जण आडवाट धरतात. कोणी खोडाला भोक पाडून हिंग भरतो, कोणी मुळाशी आम्ल ओततो, कोणी बुंध्याभोवती सालीचे कडे सोलून काढतो. (हिंगाने झाड मरते की भोकाने, हा वाद बाजूला ठेवू, हेतू एकच.) साल सोलण्याची रीत तर फारच सोयीची. पानांनी तयार केलेले अन्न सालीतून मुळांकडे उतरते. ती वाट तुटली की मुळे उपाशी राहतात. मात्र लाकडातून पाणी वर चढत असल्याने पाने बराच काळ हिरवी दिसतात. झाड सावकाश मरते आणि शेजारी विचारतात तेव्हा ‘कीड लागली’ एवढे सांगून भागते.

अशा माणसाला झाड तर नको असतेच. पण ते आपण मारले, ही ओळखही नको असते. झाडावर केलेला घाव एकदाच होतो. हे खोटे मात्र त्याला वर्षानुवर्षे सांभाळावे लागते.

‘सुनन अबू दाऊद’मधील एक प्रसंग येथे आठवतो. एका अन्सारीच्या बागेत आदरणीय समुरा बिन जुन्दुब (रजि.) यांची खजुराची झाडे होती. त्यांच्या येण्याजाण्याने बागमालकाच्या कुटुंबाला त्रास होई. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी समुरांना ती विकण्यास सुचवले, मग बदल्यात दुसरीकडे जागा घेण्यास, मग दान करण्यास. सर्व नाकारल्यावरच झाडे उपटण्याची परवानगी अन्सारीला दिली. त्या अन्सारीलाही रात्री एकट्याने काही करता आले असते. त्याने तक्रार नेली, उघड नेली.

आणखी एक गोष्ट. विष घातलेले झाड वाळते, पण लगेच पडत नाही. ते वादळात पडते आणि तेव्हा खाली कोण उभा असेल, हे विष घालणाऱ्याच्या हाती नसते.

अर्ज फेटाळला गेला तर? फांद्या छाटण्याची परवानगी मागता येते, पन्हळीवर जाळी बसवता येते, भिंत दुरुस्त करता येते. खर्च येईल, आणि दर पानगळीला थोडी कुरकुरही होईल.