पाहणाऱ्याचे देणे

डिसेंबर २०२१ मधील एका शनिवारी आम्ही चौदा जण रेखाटनाच्या वह्या आणि रंगपेट्या घेऊन कोर्लईला गेलो होतो. टाळेबंदीनंतरची आमची ही पहिली सहल. गेटवेहून लाँचने मांडवा, पुढे अलिबाग, नागाव, चौल, रेवदंडा, आणि कुंडलिकेवरचा पूल ओलांडला की कोर्लई. हा रस्ता आम्हां हौशी मंडळींना नवा नव्हता. रेवदंड्याच्या तटाआड उभे असलेले सातखणी मनोऱ्याचे अवशेष, आक्षीचे सुरूचे बन, मुरूडच्या किनाऱ्यावरून दिसणारा जंजिरा ही चित्रे प्रत्येकाच्या जुन्या वहीत होतीच. मार्च २०२० मध्ये सारे थांबले. पावणेदोन वर्षे आम्ही खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी, स्वयंपाकघरातील किटली आणि आपलाच डावा हात रेखाटीत बसलो. त्यामुळे त्या सकाळी खारा वारा अंगावर घेताना शाळा सुटलेल्या मुलांसारखी आमची अवस्था झाली होती.

कोर्लई गाव डोंगराच्या पायथ्याशी आहे. समुद्रात शिरलेल्या त्या डोंगरावर पोर्तुगीजांचा किल्ला. १७४० मध्ये पोर्तुगीजांची सत्ता येथून गेली. परंतु गावातील ख्रिस्ती कुटुंबांच्या घरांत पोर्तुगीज शब्द आणि मराठी वळण यांतून घडलेली एक बोली आजही ऐकू येते. आम्ही गावातील एका कौलारू घरासमोर, वाटेच्या पलीकडे, सावलीत ओळीने बसलो. घराच्या लाल कौलांचा एक मोठा भाग निळ्या ताडपत्रीने झाकलेला होता. उन्हात तो निळा रंग लाल रंगाशेजारी असा काही खुलून दिसत होता की कोणालाच तो टाळता आला नाही. तोंडाला मुखपट्ट्या, एकमेकांत हातभर अंतर. तीन तास आम्ही मान वर करून पाहत होतो आणि मान खाली घालून रंगवत होतो.

अशा सहलीच्या शेवटी सर्वांनी आपापल्या वह्या जमिनीवर शेजारीशेजारी मांडायच्या आणि एकमेकांचे काम पाहायचे, असा प्रघात आहे. आम्ही वह्या मांडल्या तेव्हा त्या घरातील वृद्ध बाई बाहेर आल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी सगळ्या वह्या सावकाश पाहिल्या आणि म्हणाल्या, “सगळ्यांना ताडपत्रीच आवडली वाटतं.” कोणी काही बोलले नाही. मग त्यांनी आणखी एक वाक्य उच्चारले, “तीन तास घरासमोर बसलात, घोटभर पाणीसुद्धा मागितलं नाहीत.”

या दोन वाक्यांनी मला बरेच दिवस स्वस्थ बसू दिले नाही.

ती ताडपत्री कशी आली, हे आम्हांला ठाऊक असायला हवे होते. ३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग या तालुक्यांतील हजारो घरांची छपरे उडवली आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. पोफळीचे रोप लावल्यापासून सुपारी हाती येईपर्यंत पाच-सात वर्षे जातात. म्हणजे त्या एका दुपारने अनेक घरांची पुढची कित्येक वर्षे नेली. टाळेबंदीचे निर्बंध पुरते उठलेले नसताना हे झाले. आम्ही वर्तमानपत्रात ते वाचले होते, हळहळलो होतो आणि विसरलो होतो. दीड वर्षाने तेच वादळ आमच्यासमोर निळ्या रंगाचे होऊन आले, तेव्हा आम्ही त्याला ओळखले नाही.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. ज्याच्या दुःखातून माझे सुंदर चित्र तयार होते, त्याचे मी काही देणे लागतो काय?

लागत नाही, असे म्हणणाऱ्यांची बाजू दुबळी नाही. प्रकाश कोणाच्या मालकीचा नसतो. पडक्या भिंतीवरचे ऊन सुंदर असते, त्यात चित्रकाराचा काय दोष? प्रत्येक दृश्यापाठोपाठ कर्तव्य येऊ लागले तर कोणाला कुंचला उचलता येणार नाही. शिवाय चित्र काढणे हीच एक प्रकारची आस्था आहे, असेही म्हणता येईल. जॉन रस्किन याने लंडनमध्ये कामगारांना चित्रकला शिकवली. रेखाटनाची मूलतत्त्वे सांगणारे त्याचे पुस्तक १८५७ मध्ये, म्हणजे मुंबईत जे. जे. कलाशाळा सुरू झाली त्याच वर्षी, प्रसिद्ध झाले. कामगारांनी चित्रकार व्हावे यापेक्षा त्यांना नीट पाहता यावे, हा त्याचा हेतू होता. ज्याने एखादे झाड तासभर रेखाटले आहे, तो ते सहज तोडणार नाही, हे आपल्यालाही पटते.

पटते, तरी प्रश्न सुटत नाही. आम्ही ते घर तीन तास पाहिले. कौलांची ओळ न् ओळ पाहिली. तरीही घरात कोण राहते, हे आम्हांला त्या बाई बाहेर येईपर्यंत समजले नाही. एकाग्रता असूनही माणूस नजरेतून निसटू शकतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

लूकलिखित शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील दृष्टांत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वाटेवर जखमी होऊन पडलेल्या माणसाला याजकाने पाहिले, लेवीने पाहिले आणि शोमरोन्यानेही पाहिले. पाहणे तिघांनाही समान होते. फरक पडला तो नंतरच्या पावलात. दोघे दुसऱ्या बाजूने गेले, तिसरा जवळ गेला. आम्ही त्या दोघांप्रमाणे निघून गेलो नाही, थांबलो, याचे समाधान मला काही काळ वाटले. परंतु आम्ही थांबलो ते वाटेच्या पलीकडे.

हे अंतर कोठून आले? काही अंशी ते रोगाच्या भीतीचे होते आणि ती भीती खोटी नव्हती. परंतु पावणेदोन वर्षांत आपल्याला आणखी एक सवय जडली. आपण पडद्यावर सारे पाहू लागलो. वर्ग पाहिले, लग्ने पाहिली, आप्तांच्या अंत्यविधीही पाहिल्या. चर्चची दारे बंद असताना मिस्साबलिदानसुद्धा पडद्यावर पाहिले. त्या दिवसांत तो मोठा आधार होता आणि अंथरुणाला खिळलेल्यांना तो आजही आहे. पण पडद्यासमोर बसलेला माणूस पाहतो, त्याला कोणी पाहत नाही. त्याच्या हातात चहाचा पेला आहे की जपमाळ, हे कोणाला कळत नाही. ७ ऑक्टोबर २०२१ रोजी महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे पुन्हा उघडली. तेव्हा शेजारच्या बाकावरच्या माणसाने आपल्याकडे पाहून मान हलवली, त्यात केवढे सुख होते!

प्रत्यक्ष जागेवर बसून चित्र काढण्याचे मोलही मला यातच दिसते. छायाचित्र क्षणात घेऊन पुढे जाता येते. रेखाटणारा मात्र तास-दोन तास एका ठिकाणी उघड्यावर बसतो. गावातील मुले त्याच्या खांद्यावरून डोकावतात, होडी चुकली असेल तर कोळी ती चूक दाखवतो. जो पाहतो तोही पाहिला जातो. ही देवाणघेवाण नको असेल, तर पडद्यावरचे दृश्य समोर ठेवून घरीच चित्र काढावे. कोर्लईला जाण्याचे कारण काय?

चित्तप्रसाद या चित्रकाराचे येथे स्मरण होते. १९४३ च्या बंगालमधील दुष्काळात ते मिदनापूर जिल्ह्यात हिंडले आणि भुकेल्या माणसांची रेखाटने केली. अनेक रेखाटनांबरोबर त्यांनी त्या माणसाचे नाव, गाव आणि हकिगत लिहून ठेवली. ब्रिटिश सरकारने त्यांच्या पुस्तिकेच्या प्रती जप्त करून जाळल्या. पुढे हे चित्रकार मुंबईत अंधेरीला राहिले. नाव विचारण्यासाठी जवळ जावे लागते. चित्राखालील नाव हा त्या जवळ जाण्याचा पुरावा असतो.

पाण्याविषयीचे वाक्य मला उशिरा उमगले. बाईंनी आमच्याकडे काहीच मागितले नव्हते. आम्ही त्यांच्याकडे काही मागितले नाही, ही त्यांची तक्रार होती. योहानच्या शुभवर्तमानात याकोबाच्या विहिरीपाशी बसलेला थकलेला ख्रिस्त शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागतो. यहुदी आणि शोमरोनी एकमेकांचे भांडेही वापरीत नसत, त्या काळची ही गोष्ट. तिला जे द्यायचे होते, त्याआधी त्याने तिच्याकडून घेण्याची तयारी दाखवली. मदत करणारा हात वरच राहतो. मागणारा हात समोरच्याला यजमानाचा मान देतो.

त्या दुपारी आम्ही अखेर पडवीत जाऊन बसलो. तांब्या आणि पेले आले. वादळात छप्पर कसे उडाले, मिळालेली मदत आधी होडीच्या दुरुस्तीला कशी लागली आणि कौले कशी राहून गेली, हे ऐकले. परतीच्या लाँचमध्ये कोणीतरी वर्गणीची कल्पना मांडली आणि ती यथाशक्ती पारही पडली. ते करावेच. परंतु वर्गणी दिली म्हणजे देणे फिटले, असे मला वाटत नाही. ते देणे पैशांच्या आधीचे आहे.

आता आमच्या सहली पूर्वीसारख्या चालू आहेत. वही उघडण्याआधी आम्ही ज्या घरासमोर बसायचे तेथे जाऊन विचारतो आणि पाणी मागतो. कधी नकारही मिळतो, तेव्हा दुसरीकडे बसतो. कोर्लईचे ते चित्र माझ्यापाशी आहे. त्यातली निळी ताडपत्री अजूनही सुंदर दिसते, हे मी नाकारीत नाही. चित्राखाली बाईंच्या संमतीने मी त्यांचे नाव लिहिले आहे. ते येथे देत नाही. त्यांनी ते मला सांगितले होते, छापण्यासाठी नव्हे.